पायाळू जावयाचा डबा

नवीन पनवेल
११ जानेवारी २०११

श्रीमती शशिकलाताई म्हात्रे, ठाणे

नमस्कार. आपल्याकडे सर्व क्षेम असेल असे धरून चालतो. आमच्याकडचे रविवारी दुपारपासून थोडे हलले आहे.

फोन का केला नाही असे आपल्याला वाटेल. आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि रेवाही बहुतेक वेळ हॉलमध्येच असते. शिवाय उरणला बंदराच्या कचेरीत जन्मभर आवक-जावक सांभाळल्यामुळे नाजूक बाब कागदावर असलेली बरी, असे माझे मत झाले आहे.

रविवारी मी नेऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे, ठमाबाईकडे गेलो होतो. तिचे शेत डोंगरावर जाणाऱ्या वाटेला लागून आहे. जेवण जास्त झाले म्हणून पाय मोकळे करत असताना मला बांधाजवळ आपले चिरंजीव शार्दूल दिसले. होणारे जावई अचानक भेटल्याचा आधी आनंद झाला. हाक मारणार होतो, पण त्यांचे वर्तन पाहून मी आंब्यामागे झालो.

त्यांच्या हातात मोबाइलहून जाड असे एक यंत्र होते. त्यात पाहत ते पुढे जात, मागे येत, मग स्वतःभोवतीच फिरत. इतक्यात एक गुराखी आला. लगेच त्यांनी यंत्र कानाला लावले आणि "हो, हो, सिमेंटचा रेट तोच" असे मोठ्याने म्हणाले. चिरंजीव संगणकाच्या कंपनीत आहेत अशी आमची माहिती होती. गुराखी गेल्यावर ते गुडघ्यांवर बसले, बांधाच्या दगडांत खांद्यापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकचा एक डबा काढला. त्यातले काहीतरी चिमटीत धरून, नाक दाबून, कागदात गुंडाळले. खिशातून हिरवा प्लास्टिकचा बेडूक काढून डब्यात ठेवला. मग चारी दिशांना पाहून डबा होता तिथे सारला आणि मोटारसायकलवरून निघून गेले.

ताई, स्पष्ट विचारतो. शार्दूल गुप्तधनाच्या नादी लागले आहेत काय?

विचारण्याचे कारण आमच्या घरातलेच आहे. ठमाबाईचे यजमान रामूभावोजी याच नादाने गेले. देवऋषी दाखवेल तिथे खणत राहिले. आधी शेत, मग गोठा, मग स्वयंपाकघर. त्यांनी चूल उखडली तेव्हा माझी बहीण अंगणात दगड मांडून रांधत होती. शेवटी ते आपल्याच खड्ड्यात पडले आणि अंथरुणातून उठलेच नाहीत. ते खड्डे आजही तसेच आहेत. बहीण त्यांना वळसा घालून चालते.

रेवाने आजवरची सगळी स्थळे चहा येण्याआधी नाकारली. शार्दूलना मात्र चहा येण्याआधी होकार दिला. तो होकार मोडावा असे माझ्या मनात अजिबात नाही, पण खणणाऱ्या घरात मी मुलगी देणार नाही. ती बिचारी रविवारी उरणला फरहाकडे, मैत्रिणीकडे, गेली होती. तिला यातले काही ठाऊक नाही.

आणखी एक विचारतो, राग मानू नये. चिरंजीव पायाळू तर नाहीत ना? म्हणजे जन्मताना पाय आधी. अशा माणसाला जमिनीखालचे धन दिसते असे आमच्याकडे मानतात. साखरपुड्याचा हॉल सांगायचा मी थांबलो आहे.

आपला
काशिराम घरत


ठाणे
१५ जानेवारी २०११

श्री. काशिराम घरत,

तुमचं पत्र मिळालं. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं, ते वाचता वाचता पेनाने दुरुस्त केलं. निवृत्त झाले तरी हात ऐकत नाही, रागावू नका.

तुम्ही जे पाहिलंत त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कंपनीने शार्दूलला काही महिने जर्मनीला पाठवलं होतं, तिथून तो हे घेऊन आला. इतरांची मुलं चॉकलेट आणतात. या खेळात कोणीतरी रानात, वाटेवर, किल्ल्यावर एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. मग दुसरे लोक यंत्र घेऊन तो शोधत येतात. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घ्यायची, आपली एखादी ठेवायची, आणि डबा परत तिथेच लपवून घरी यायचं.

मी त्याला विचारलं, "मग मिळतं काय?"

"डबा."

"तो तर तू परत ठेवलास."

"हो."

यापुढे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका, डोकं दुखतं.

बाहेरच्या माणसाला सुगावा लागू द्यायचा नाही असा त्यांचा नियम आहे, म्हणून ते सिमेंट. गेल्या वर्षी त्याने मला महाबळेश्वरला नेलं. सगळे लोक दरी पाहत होते आणि आम्ही मायलेक कठड्याखाली हात घालत होतो. एका पॉइंटवर एका बाईने मला विचारलं, "आजी, कानातलं पडलं का?" मी शिक्षकी पेशात कधी खोटं बोलले नाही, पण त्या दिवशी हो म्हणाले. मग ती आणि तिचा सगळा गट गुडघ्यांवर बसून माझं कानातलं शोधायला लागला. दोन्ही कानांतली फुलं पदराने झाकून मी त्यांना मदत करत होते.

नेऱ्याचा डबा शार्दूलनेच दीड वर्षापूर्वी ठेवला आहे, तुमची-आमची ओळख होण्याच्या कितीतरी आधी. आणि महत्त्वाचं म्हणजे डबा पुरायचा नसतो. खणायला त्यांच्यात सक्त मनाई आहे. तेव्हा तुमची भीती निराधार आहे.

जन्माच्या वेळी पाय आधी की डोकं, हा तपशील तुम्ही पत्रिकेसोबत मागितला नव्हता. मी शाळेची मुख्याध्यापिका होते. मला असले प्रश्न विचारू नयेत.

सोबत तिळगूळ पाठवते. पोस्टात चुरा झालाच असेल.

शशिकला म्हात्रे


नवीन पनवेल
२४ जानेवारी २०११

श्रीमती शशिकलाताई,

तिळगूळ पोचला. चुरा झाला होता, चमच्याने खाल्ला. आपल्या पत्राने माझे निम्मे समाधान झाले होते आणि मी हॉलवाल्याकडे जायला निघालो होतो. वाटेत विचार केला की पत्रावर विसंबण्यापेक्षा डबा स्वतः पाहून यावा. म्हणून हॉलवाल्याकडे न जाता नेऱ्याला गेलो. ठमाबाईला काही बोललो नाही. गुप्तधन हा शब्द मी तिच्यासमोर काढत नाही.

डबा दगडाआड होता. आपण म्हणालात तशी वही होती, पेन्सिल होती. पण हिरवा बेडूक नव्हता. त्याच्या जागी वर्तमानपत्रात बांधलेली पुडी होती, आणि पुडीत मूठभर सोडे. सुकवलेली कोलंबी, ताई. उरणजवळच्या करंजा बंदरावरच्या बाजारातली, उत्तम प्रतीची.

आपल्या खेळात यंत्र असेल, अक्षांश असतील. त्यात सुकी मासळी कुठून आली? रामूभावोजी खणण्याआधी जागेच्या राखणदाराला नैवेद्य दाखवत. त्यांचा नैवेद्यही हाच असे. मी ती पुडी हातात धरून किती वेळ उभा होतो मला ठाऊक नाही. घरी आलो तर रेवाने विचारले, "बाबा, कसला वास येतोय?" मी म्हणालो, चालून घाम आला आहे.

दुसरे असे की आपण माझ्या एका प्रश्नाला उत्तर दिले नाही, उलट रागावलात. आमच्या साहेबांना एखादी गोष्ट नाकारता येत नसे तेव्हा ते असेच रागावत.

काशिराम घरत


ठाणे
२९ जानेवारी २०११

श्री. घरत,

सोड्यांचं आम्हालाही कोडं आहे. गेले सहा महिने शार्दूल त्या डब्यापायी हैराण आहे. तो बेडूक ठेवतो, कीचेन ठेवतो, गोट्या ठेवतो. पुढचा माणूस डबा उघडतो तर आत कधी सोडे, कधी सुकट, एकदा दोन बोंबील. खाण्याची वस्तू ठेवायला त्यांच्यात बंदी आहे, कारण मुंग्या येतात, मुंगूस येतं. इंटरनेटवर तक्रारी आहेत. एका जर्मन जोडप्याने लिहिलंय की आम्हाला यंत्र लागलं नाही, वासावर डबा सापडला. चेन्नईच्या एका गृहस्थाने लिहिलंय की भाजून खाल्ले, आभारी आहे. तुम्ही त्या दिवशी पाहिलंत ते एवढंच होतं, तो डबा साफ करत होता.

आता दुसरं. तुम्ही साहेबांचं जे लिहिलंत ते मला लागलं, कारण खरं आहे.

शार्दूल पायाळू आहे.

तेव्हा आम्ही अलिबागजवळ माझ्या सासरी राहत होतो. सुईणीने बातमी बाहेर नेली. पायाळू माणसाची लाथ पाठीवर बसली की उसण जाते हे तुम्हीही ऐकलं असेल. तो तीन महिन्यांचा असताना एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे एक गृहस्थ पालथे पडलेले. मी विज्ञानाची शिक्षिका. मी त्यांना स्नायूंची रचना समजावून सांगितली. ते पालथेच राहून ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "बाई, हळू मारली तरी चालंल." पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावातले दोघे विहिरीची जागा पाहायला बाळ उसनं मागायला आले, संध्याकाळपर्यंत परत आणून देतो म्हणाले. त्यांच्यातल्या एकाकडे पहार होती. मला त्या पहारीची जी भीती बसली ती बसलीच. मी ठाण्याला बदली मागून घेतली आणि पुन्हा हा शब्द कधी उच्चारला नाही. खुद्द शार्दूलला हे परवा, तुमचं पत्र आल्यावर सांगितलं. तो बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत होता.

मी लपवलं, कारण मला पोर वाचवायचं होतं. आता तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा.

शशिकला म्हात्रे


नवीन पनवेल
३ फेब्रुवारी २०११

श्रीमती शशिकलाताई,

आपण खरे सांगितलेत याबद्दल आभारी आहे. पण पायाळू मुलगा, त्याच्या हातात यंत्र, माझ्याच बहिणीच्या बांधावर त्याच्या फेऱ्या, आणि वर नैवेद्य. तो कोणी ठेवला हे आपल्यालाही सांगता येत नाही. माझी छाती होत नाही. ठमाबाईचे आयुष्य मी पाहिले आहे. माझ्या मुलीने खड्ड्यांना वळसे घालत जगावे हे मला सोसणार नाही.

हे स्थळ आम्ही थांबवत आहोत. रेवाला कालच सांगितले. तिने भांडण केले असते तर बरे झाले असते. ती ताटावरून उठली आणि आपले ताट घासून ठेवून खोलीत गेली. तेव्हापासून घरात फक्त टीव्ही बोलतो. शार्दूलना तो डबाही तिथून उचलायला सांगावे, ही विनंती.

काशिराम घरत


नवीन पनवेल
२३ फेब्रुवारी २०११

श्रीमती शशिकलाताई,

आपले उत्तर आले नाही, आणि त्यात आपली चूक नाही. हे पत्र केवळ आभारासाठी आहे. अक्षर वाकडे आहे कारण पडून लिहितो आहे.

गेल्या रविवारी मी नेऱ्याला गेलो असता बांधावर पाय घसरून पडलो व कमरेत उसण भरली. योगायोगाने आपले चिरंजीव डबा उचलण्यासाठी तिथे आले होते. त्यांनी मला उठण्यास साहाय्य केले आणि रिक्षा मिळेपर्यंत थांबले. माणुसकी म्हणून हे कळवणे माझे कर्तव्य होते. प्रकृतीस आता उतार आहे.

काशिराम घरत


ठाणे
२७ फेब्रुवारी २०११

श्री. घरत,

माझ्या वर्गात मुलं निबंध लिहायची तेव्हा ज्या वाक्यात सगळ्यात कमी शब्द असत, तिथे सगळ्यात जास्त काहीतरी झालेलं असे. "बांधावर पाय घसरून पडलो" हे तसलं वाक्य आहे.

शार्दूल मला सगळं सांगतो, उशिरा का होईना. बांधावर कोणी घसरलेलं नव्हतं. बांधाच्या पायथ्याशी कंबरभर खोल खड्डा होता, ताजा. खड्ड्यात तुम्ही होतात. तुमच्याजवळ पहार होती, फावडं होतं, आणि वर बांधावर वर्तमानपत्रावर मूठभर सोडे मांडलेले होते. आणि त्याने तुम्हाला उठायला साहाय्य केलं ते शरीराच्या कोणत्या भागाने, हे लिहायचं तुम्ही विसरलात.

आणखी एक. शार्दूल एकटा नव्हता. रेवा त्याच्याबरोबर होती. दोघं शेवटचं भेटायला म्हणून गेले होते. तुम्हाला हे माहीतच आहे, पण मी आता एक कबुली देते. ९ जानेवारीलाही रेवा उरणला फरहाकडे गेलेली नव्हती. तुम्ही आंब्यामागे उभे होतात ना, ती पलीकडच्या जांभळामागे होती. तुम्ही येताना तिला दिसलात म्हणून ती लपली. तुम्ही शार्दूलला पाहत होतात आणि ती तुम्हाला पाहत होती. तुम्ही गेल्यावर शार्दूलने परत येऊन तिला नेलं. मला हे पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. मुलीने विश्वासाने सांगितलं म्हणून बोलले नाही.

आता माझा प्रश्न. तुम्ही मला विचारलात तोच, तुमच्याच शब्दांत. काशिरामराव, आपण गुप्तधनाच्या नादी लागला आहात काय? कारण पहारीची मला किती धास्ती आहे ते मी तुम्हाला लिहिलं होतं. माझा पायाळू मुलगा ज्या घरचा जावई होणार, त्या घरच्या सासऱ्याच्या हातात पहार असेल तर मला दहादा विचार करावा लागेल. स्थळ तुम्ही थांबवलंत. ते पुन्हा सुरू करायचं की नाही हे आता मी बघेन.

शशिकला म्हात्रे


नवीन पनवेल
३ मार्च २०११

शशिकलाताई,

कचेरीतली भाषा बाजूला ठेवून लिहितो. तिच्यात हे लिहिता येणार नाही.

स्थळ मोडल्यावर मला झोप लागेना. आधी वाटलं, रेवामुळे. मग एके दिवशी दाढी करताना माझ्या लक्षात आलं की मी रेवाचा विचारच करत नाहीये. मी बांधाचा विचार करतोय. एक पायाळू माणूस पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन बसतो. त्याला ती जागा आभाळातले उपग्रह दाखवतात. देवऋषी चुकेल, पण उपग्रह कसा चुकेल? शार्दूलला स्वतःला कळत नसेल, त्याला वाटतं तो डबा ठेवतोय, पण त्याचे पाय त्याला तिथेच का आणतात? असं सगळं मी आरशाशी बोलत होतो. फेस वाळून गेला.

मी स्वतःला सांगितलं, की तिथे काही नाही एवढं सिद्ध करायचं आणि परत यायचं. ठमाबाईला म्हणालो, शतावरीचं मूळ काढायचंय, पहार दे. भावोजींचीच पहार. ती माझ्याकडे बघत राहिली, पण दिली. सोडे मी घरून नेले होते. ते कशाला नेले, हे मला विचारू नका.

गुडघाभर खणल्यावर थांबणार होतो. मग वाटलं, आणखी थोडं. भावोजी हेच म्हणायचे. कंबरभर झाल्यावर पाठीत कट्ट झालं आणि मी खाली बसलो तो बसलोच. वर आभाळ दिसत होतं. ताई, खरं सांगतो. त्या वेळी मला मुलीचं लग्न मोडल्याचं दुःख झालं नाही. आणखी हातभर खणता आलं नाही याचं झालं. माझं काय होऊन बसलंय हे मला कळलं, पण तरी डोळे पहारीवरच होते.

मग वरून रेवाचा चेहरा डोकावला. मला वाटलं ती विचारेल, लागलं का. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा?" त्या दोन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं पाठीने लागलं नाही.

शार्दूल खड्ड्यात उतरला. मला धरून उठवायला गेला, तर मी ओरडलो. त्या ओरडण्याने ठमाबाई आली. तिने खड्डा पाहिला, पहार पाहिली, मला पाहिलं. शार्दूलच्या हातात डबा होता, तो पाहून त्याला म्हणाली, "हा डबा तुजा हाय? तूच बेडूक ठेवतोस?"

तो हो म्हणाला.

"मंग सोडं कसं होतं? मनापासून घातलेलं. आमचे शेजारची पोरं त्या बेडकांशी खेलतात. कोनी आपले बांधावर भरला डबा ठेवून गेला, तर तो रिकामा परत कसा ठेवनार? आमी तशी मानसं नाय."

तर तो नैवेद्य नव्हता. माझी बहीण शेजारधर्म पाळत होती. डबा कोणाचा हे तिला माहीत नव्हतं, तरी रिकामा परत द्यायचा नाही एवढं माहीत होतं. शार्दूल तिला खेळाचा नियम समजावू लागला. मी खड्ड्यातून कण्हत होतो.

तेवढ्यात रेवा म्हणाली, "आत्या, हा पायाळू आहे." का म्हणाली देव जाणे. मला वाटतं तिला माझा थोडा रागही काढायचा होता.

ठमाबाई म्हणाली, "मंग उबा काय रायलास? घाल लाथ."

शार्दूल म्हणाला हे अशास्त्रीय आहे. ठमाबाई म्हणाली, शास्त्र काय ते मागून बघ, आधी मानूस उठव. शेवटी त्याने बूट काढला. मोजाही काढला. मला हात जोडले, "सॉरी काका" म्हणाला आणि लाथ मारली. मध्यम होती. फार जोरात नाही, अगदीच मानापुरतीही नाही. मी उठलो. डॉक्टर म्हणाले ते आपोआपच सुटलं असतं. असेल.

वर आल्यावर ठमाबाई म्हणाली, "हा खड्डा आत्ता बुजवा. मना आनखी एक नको." दोघांनी माती लोटली. मी बांधावर बसून होतो, वाकता येत नव्हतं. खड्डा भरला, मुलांनी पाय देऊन माती दाबली. पण ठमाबाईने फावडं परत दिलं नाही. ती चालत गोठ्यामागे गेली. तिथे भावोजींचा सगळ्यात पहिला खड्डा आहे. तिने एकटीने माती ओढायला सुरुवात केली. शार्दूल आणि रेवा एकमेकांकडे बघून तिच्यामागे गेले. अंधार पडेपर्यंत तिघं तेच करत होते. ती कुठे पाय ठेवते याकडे इतकी वर्षं मी बघत आलो, पण एक घमेलं माती टाकायला कधी गेलो नव्हतो.

मी तुम्हाला लिहिलं होतं की खणणाऱ्या घरात मुलगी देणार नाही. खणणारं घर माझंच निघालं. तुमचा मुलगा तर वर्षानुवर्षं डबे जिथल्या तिथे झाकून ठेवतोय. म्हणून आता उलटं विचारतो. असल्या बापाची मुलगी तुम्ही घ्याल का? नाही म्हणालात तर मी समजेन. पण रेवाला ते मी नाही सांगू शकणार. ते तुम्हीच सांगा.

काशिराम


ठाणे
८ मार्च २०११

काशिरामराव,

शाळेत पालकसभेला जे वडील आपण होऊन चूक सांगायचे, त्यांच्या मुलांची मला कधी काळजी वाटली नाही. रेवाचीही वाटत नाही. हॉल सांगून टाका. हॉल दूरचा असला तरी चालेल, पण त्याला बाग नको, खाली फरशी असू दे.

पहार ठमाबाईंकडेच राहू द्या, आणि मागाल तेव्हा देऊ नका असं मी त्यांना स्वतः सांगेन. डबा शार्दूलने परत बांधावर ठेवला आहे. इंटरनेटवर त्याने आता लिहिलंय की या डब्यात खाऊ असतो, तो घ्यावा आणि काहीतरी ठेवून यावं. नियमाबाहेरचं आहे म्हणून वरच्या लोकांनी त्याला इशारा दिलाय. त्याने माझ्यादेखत तो वाचला आणि बंद करून टाकला.

एक खासगी लिहिते. फळ्यापुढे उभं राहून राहून माझी पाठ गेली आहे. किती वर्षं झाली ते मोजलं नाही. डॉक्टर, शेक, पट्टा, सगळं झालं. लाथेने उसण जात नाही हे मी मुलांना शिकवलं आहे, परीक्षेला प्रश्नही घातला आहे. पण तुमचं पत्र वाचल्यापासून मी रात्री कुशीवर वळताना थांबते. घरात पायाळू पोर, आणि त्याची आई ते लपवून ठेवत पाठ चोळत बसली.

मी शार्दूलला हे सांगू शकत नाही. तो आईच्या पाठीला पाय लावणार नाही, आणि मीही मागितलं तर रडेन. रेवाने सांगितलं तर ऐकेल. तुमच्या वेळीही तो पायाळू असल्याचं सांगून सुरुवात तिनेच केली होती. तुम्ही तिला माझ्या वतीने विचाराल का? लगेच नको. आमच्याकडे येऊन रुळली की, एखाद्या रविवारी.

शशिकला